पॉइंट काढू की ठेवू?

बोनेटखाली : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : ताई, माझ्याकडे १९६४ ची मॉरिस मायनर १००० आहे, १०९८ सीसीचं इंजिन. महिन्यातून दोनदा बाहेर काढतो. गार असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं छान पळते, मग मिस मारायला लागते आणि बंद पडते. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. वर्षभरात तीनदा पॉइंट बदलले, दोनदा कंडेन्सर. मेकॅनिक म्हणतो, ‘काका, किती दिवस घासत बसणार? इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, कटकट मिटेल.’ जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले एक मित्र म्हणतात, तसं केलंत तर ती मायनर राहिलीच नाही म्हणून समजा. मला सत्तरी गाठत आली. फट मोजायच्या फिलर गेजची पाती बघताना डोळे साथ देत नाहीत. काय करू?

उत्तर : पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या त्या छोट्या स्विचचं, काय करायचं ते नंतर ठरवू. आधी गाडी का बंद पडते ते बघू. पॉइंट काही पंचवीस मिनिटं गुण्यागोविंदानं वागून मग रुसत नाहीत, आणि अर्धा तास वारा घातला म्हणून त्यांचा रुसवा जातही नाही. त्यांची झीज हळूहळू होते. गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) बिघडलेला असेल तर तो गार इंजिनातही बिघडलेलाच असतो. तापल्यावर दगा द्यायचा आणि निवल्यावर शहाण्यासारखं वागायचं, ही खोड तुमच्या बोनेटखाली मुख्यतः तिघांना असते : कंडेन्सर, कॉइल आणि पेट्रोलचा पंप. पंपाचं खाली दुसऱ्या एका पत्राच्या उत्तरात येईल. वर्षात तीन पॉइंट खाल्ले गेलेत, म्हणून माझा पहिला संशय कंडेन्सरवर.

तो तर दोनदा बदलला, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच संशय.

मी नोकरीची बरीच वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. तिथल्या काचेच्या कपाटात एक रूमकॉर्फ कॉइल होती. लाकडी बैठक, जाड तारेचं वेटोळं, त्यावर केसासारख्या तारेचे हजारो वेढे, आणि एका टोकाला टकटकणारी लोखंडी जीभ. जीभ प्रवाह तोडायची आणि दुसऱ्या टोकाला दोन गोळ्यांमधून ठिणगी उडायची. एका पावसाळ्यानंतर यंत्र काढलं तर ठिणगी मरतुकडी, आणि जिभेपाशी मात्र निळा जाळ. बैठक उलटी केली. खाली कंडेन्सर असतो, त्याची तार गंजून तुटली होती. ती डाखली आणि ठिणगी परत आली. हा कंडेन्सर तिथं लावायची युक्ती फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८५३ सालची. प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा तुमचा डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल मिळून हेच यंत्र होतं, फक्त जिभेच्या जागी पॉइंट आणि त्यांना उघडायला चार कोपऱ्यांचा कॅम.

पॉइंट बंद असताना कॉइलच्या जाड वेटोळ्यातून चार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह थांबायला तयार नसतो, त्या बारीक फटीतून उडी मारून वाहत राहू बघतो. कंडेन्सर ती उडी गिळतो. त्यामुळे प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि बारीक तारेच्या वेढ्यांत वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त तयार होतात. कंडेन्सर कच्चा असेल तर ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी पॉइंटमध्ये पडते, आणि पॉइंट चार महिन्यांत खड्डे पडून वाया जातात. तुम्ही नवे पॉइंट घालता, दोन आठवडे बरं वाटतं, पुन्हा तेच.

कंडेन्सरची डबी आजही बाहेरून साठ वर्षांपूर्वीच्या डबीसारखीच दिसते. आतली गुंडाळी आणि तिला जोडलेली तार कशी आहे ते बाहेरून कळत नाही. गेल्या काही वर्षांत मी नवेकोरे म्हणून घेतलेल्या चार कंडेन्सरपैकी दोन इंजिन तापल्यावर गेले. गार असताना मीटरवर चौघंही ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास, अगदी गुणी बाळं.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच, गरम असतानाच, हे करा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. पॉइंट बंद स्थितीत येतील असं इंजिन थोडं फिरवून घ्या. किल्ली चालू करून लाकडी काडीनं पॉइंट उघडा-मिटा. बारीकशी निळसर ठिणगी दिसली तर ठीक. जाड पिवळी-पांढरी ठिणगी चटचटत असेल तर कंडेन्सर मेला. ठिणगी अजिबातच नसेल तर प्रवाह तिथवर येतो का ते टेस्ट लॅम्पनं बघा. एक चांगला कंडेन्सर गाडीत ठेवा. तो डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसला पाहिजे असं काही नाही. डबी बॉडीला घट्ट आवळायची आणि तार कॉइलच्या सीबी लिहिलेल्या टोकाला जोडायची. बाहेर हवा लागते, तो थंड राहतो. माझ्या गाडीत तो तसाच बाहेर आहे.

कंडेन्सर निर्दोष निघाला तर कॉइलला हात लावून बघा. कोमट-गरम असणं नेहमीचं. हात ठेववेना इतकी तापली असेल आणि दुसरी कॉइल लावल्यावर गाडी चालली, तर चोर सापडला.

डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. तुमच्या इंजिनावर लुकासचा २५डी४ असणार. त्यात पॉइंट ज्या पाटीवर बसतात तिच्यापासून बॉडीपर्यंत विणलेल्या तारेची एक छोटी शेपटी असते, अर्थिंगची. इंजिनाच्या ओढीनं, म्हणजे व्हॅक्यूमनं, पाटी रोज पुढेमागे हलते, शेपटीची एकेक तार तुटत जाते, आणि शेवटी गाडी फक्त चढावर किंवा फक्त उतारावर मिस मारते. लोक कार्बुरेटर खोलून बसतात. दुसरं, पॉइंटच्या खांबावरचे फायबरचे वायसर. कॉइलची तार आणि कंडेन्सरची तार, दोन्हींची टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला चिकटलेली हवीत आणि खांबापासून मात्र अलग. वायसरचा क्रम एकदा चुकला की सगळा प्रवाह अर्थ होतो, गाडी सुरूच होत नाही. पहिल्यांदा पॉइंट बदलणारा प्रत्येक जण हे करतो. मी दोनदा केलंय.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि पॉइंट की इलेक्ट्रॉनिक याचं खरं उत्तर इथे आहे. कॅपखाली फिरणारा रोटर धरून त्याखालचा शाफ्ट आडवा हलवून बघा. टकटक हलत असेल, तर शाफ्टला धरणारा बुश झिजलाय. मग तुम्ही फिलर गेजनं ०.०१५ इंच गॅप कितीही निगुतीनं लावा, शाफ्ट दर फेऱ्याला डगमगणार आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला वेगळा गॅप येणार. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये नवे पॉइंट घालणं म्हणजे मोडक्या चौकटीला नवी कडी लावणं. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये कॅमवर चुंबकांची एक कडी बसते आणि बाजूला सेन्सर. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून थोडा डगमगणारा शाफ्टही ते खपवून घेतात. पुष्कळ लोकांना किट बसवल्यावर गाडी ‘नवी झाली’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

किट आणखी काही खपवून घेतं असं मात्र समजू नका. शाफ्टच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे नेतात. ती गंजून अडकली तर किट त्यांना सोडवत नाही. रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेनं, तुमच्या इंजिनात घड्याळाच्या उलट, थोडा पिळून सोडा. तो आपणहून परत यायला हवा. व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून हवा ओढा आणि जिभेनं भोक बंद करा. पाटी सरकून तिथेच थांबली पाहिजे. हळूच मागे आली तर आतला पडदा फाटलाय. चवीला वाईट, पण याहून स्वस्त तपासणी नाही.

‘इलेक्ट्रॉनिकनं ठिणगी जोरदार होते’ हे तर किटच्या खोक्यावरच छापलेलं असतं. साधं किट तुमचीच कॉइल वापरतं. चार अँपिअर प्रवाह पूर्वी पॉइंट तोडायचे, आता ट्रान्झिस्टर तोडतो, वर स्वतः व्होल्टभर खातो. ठिणगी जवळपास तेवढीच. हिशेब करा : इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना डिस्ट्रिब्युटर १,५०० फिरतो, चार सिलिंडरना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या. दोन ठिणग्यांमध्ये दहा मिलिसेकंद. त्यातले साधारण साडेसहा मिलिसेकंद पॉइंट बंद असतात आणि तेवढ्यात तुमची कॉइल व्यवस्थित भरते. पॉइंट उड्या मारायला लागतात ते याच्या फार पुढे, शर्यतीच्या इंजिनात. मायनर तिथवर जाणारच नाही, गेलीच तर ठिणगी ही तुमची पहिली काळजी नसेल.

फरक पडतो तो देखभालीत आणि मरण्याच्या तऱ्हेत. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, गाडी सुस्तावते. महिनोन् महिने ती सांगत असते. किट काही सांगत नाही. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं आणि एक दिवस चौकात संपतं. माझ्याकडे दोन गाड्या आहेत. मायनरमध्ये पॉइंट, १९६७च्या बीटलमध्ये इलेक्ट्रॉनिक, कारण लांबचा प्रवास बीटलनं होतो. बीटलचं पहिलं किट मीच जाळलं. मागच्या दिव्याची वायर शोधत इंजिन बंद ठेवून किल्ली पाऊण तास चालू ठेवली. कॉइलमधून सतत प्रवाह, प्रवाह तोडणारं किटचं मॉड्यूल भाजलं. सगळ्याच किटना हे होतं असं नाही, काहींत थांबलेल्या इंजिनात प्रवाह आपोआप बंद करायची सोय असते. माझ्यात नव्हती, आणि माहितीपत्रकात ती ओळ ठळक छापलेली होती.

तर तुम्ही काय करावं? इलेक्ट्रॉनिक बसवा. तुमचे डोळे आणि पाठ हे कारण मला पुरेसं आहे. शिवाय महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीत उभ्या उभ्या पॉइंटच्या तोंडावर पापुद्रा धरतो आणि नेमकं रविवारी सकाळी पॉलिश पेपर शोधायला लागतो. पण आत्ता नको. आधी तापल्यावर बंद पडायचा रोग बरा करा. कॉइल किंवा पंप गुन्हेगार असेल तर किट बसवूनही तुम्ही त्याच झाडाखाली बोनेट उघडून उभे राहाल, आणि मग जुन्यांना आणि नव्यांना दोघांनाही शिव्या द्याल.

किट घेताना एक गोष्ट चुकवू नका. मायनर पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे. बॅटरीचं धन टोक बॉडीला. कुणी मधे बदलून घेतलं असेल तर वेगळं, म्हणून बोनेट उघडून स्वतः बघा आणि त्याच जातीचं किट मागा. उलटं जोडलेलं किट किल्ली फिरवल्याक्षणी मरतं. जंपर केबल लावणाऱ्या प्रेमळ शेजाऱ्यालाही हे आधी सांगा.

आणि काढलेले पॉइंट टाकू नका. पाटीसकट, कंडेन्सरसकट, गॅप लावलेले, डब्यात घालून डिकीत ठेवा. किट गेलं तर स्क्रूड्रायव्हर आणि वीस मिनिटं. टायमिंग तंतोतंत येणार नाही, पण घरी पोहोचाल.

प्रश्न : जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक भाग बसवणं ही तिच्या काळाशी बेइमानी आहे, असं माझं ठाम मत आहे. आपण त्याला उत्तेजन देऊ नये.

उत्तर : कुठल्या काळाशी? बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही जोडी चार्ल्स केटरिंगनं जमवली आणि १९१० मध्ये ती कॅडिलॅकच्या गाड्यांत आली. त्याआधीपासून राज्य मॅग्नेटोचं, म्हणजे बॅटरीशिवाय चुंबकानं ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, होतं. ट्रान्झिस्टरचं इग्निशन पाँटिअ‍ॅकनं १९६३ मध्येच जादा पैसे देणाऱ्यांना बसवून दिलं होतं. क्रायस्लरनं १९७३ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक दिलं, जनरल मोटर्सनं १९७५ मध्ये. म्हणजे आपल्या जुन्या गाड्यांच्या वयाचं ट्रान्झिस्टर इग्निशन जगात आहे.

तरी तुमच्या बाजूनं एक सांगते. स्पर्धेला गाडी नेत असाल आणि परीक्षक कॅप उघडत असतील तर पॉइंटच ठेवा. आणि पॉइंट लावायला आवडत असेल तर त्याहून मोठं कारण लागत नाही. मलाही आवडतं. बेइमानी वगैरे शब्द मात्र ज्यांनी मूळ डिस्ट्रिब्युटर कापून, भोकं पाडून किट बसवलं त्यांच्यासाठी राखून ठेवू. जे परत पहिल्यासारखं करता येतं, त्याबद्दल मला झोप न येण्यासारखं काही वाटत नाही.

प्रश्न : गॅप फिलर गेजनं लावावा की ड्वेल मीटरनं?

उत्तर : नवे पॉइंट गेजनं, वापरलेले मीटरनं. वापरलेल्या पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेकडी उगवते. गेजचं सपाट पातं टेकडीवर टेकतं, खड्ड्यात शिरत नाही, म्हणून गॅप आहे त्याहून कमी भासतो. ड्वेल म्हणजे पॉइंट किती अंश बंद राहतात ते; २५डी४ला ६० अंश, तीन इकडे-तिकडे चालतील. गॅप वाढवला की ड्वेल कमी होतो. इंजिन हळू असताना आणि २,००० फेऱ्यांवर असं दोन्हीकडे वाचा. काटा तीन अंशांपेक्षा जास्त सरकला तर पॉइंटचा नाद सोडा, शाफ्ट नाहीतर पाटी झिजलीय. आणि क्रम कधीही उलटा करू नका : आधी गॅप, मग टायमिंग. गॅप हलला की टायमिंग हलतंच.

कॅमवर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं.

प्रश्न : किट बसवल्यापासून गाडी मधेच झटका खाते आणि रेडिओ खरखरतो. किट खराब आहे का?

उत्तर : प्लगच्या वायरी बघा. आत नुसती तांब्याची तार असेल तर ठिणगीसोबत रेडिओलहरी सुटतात आणि मॉड्यूल त्यांनी गोंधळतं. कार्बनच्या, रोधाच्या वायरी घाला. त्याच बैठकीत मल्टिमीटरनं कॉइलच्या दोन बारीक टोकांमधला रोध मोजा. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलला तो तीन ओहमच्या आसपास असतो. दीड ओहम निघाला तर ती प्रवाह आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल आहे. थेट लावली तर दुप्पट प्रवाह ओढते, आणि मॉड्यूलची पुढची बातमी तुम्ही मला कळवालच.

प्रश्न : माझीही मायनरच. सहा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रॉनिक बसवलं, कॉइल नवी, वायरी नव्या. तरी कधीतरी गाडी मधेच बंद पडते. आता पॉइंटच नाहीत, तर दोष कुणाला द्यायचा?

उत्तर : पॉइंट आहेत. पेट्रोलच्या पंपात. तुमचा एसयूचा विजेवर चालणारा पंप इंजिनामागच्या पत्र्यावर बसलेला आहे, आणि त्याच्या काळ्या टोपणाखाली पॉइंटची स्वतंत्र जोडी आहे. पडदा ओढायचा, प्रवाह तोडायचा, पडदा सोडायचा, तीच टिकटिक. डिस्ट्रिब्युटरमधल्यांना निरोप दिलात, हे तिथेच राहिले.

गाडी बंद पडली की उतरायच्या आधी किल्ली चालू करा आणि कान द्या. पाच-सहा टिकटिकी होऊन पंप गप्प झाला तर कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आहे, ठिणगीकडे वळा. भराभर टिकटिकत राहिला आणि थांबेना, तर त्याला पेट्रोल मिळत नाही, हवा ओढतोय. पहिल्यापासूनच आवाज नसेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्याला हलकी टपली मारा. टिकटिकायला लागला तर त्याच संध्याकाळी टोपण काढून पॉइंट बघा. बहुतेक काळे झालेले असतील.